फळ्याकडचा माणूस

आज चार वाजता बिराप्पा अण्णांच्या शोकसभेला सहा जण होते.

त्यातले दोन माईकवाले.

खुर्च्या शंभर मांडल्या होत्या. पोस्ट मीच टाकली होती, कॉलेजच्या ग्रुपवर, रविवारी. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

बाहेरच्यांसाठी सांगते. अण्णा मुडबीचे. आमच्या बसवकल्याणच्या कॉलेजात लायब्ररी अटेंडर. पण गाव त्यांना ओळखायचं ते फळ्यामुळे.

गेटबाहेर, बसथांब्यासमोर, काळा फळा होता. दर सोमवारी सकाळी अण्णा त्यावर लिहायचे, या आठवड्यात गावात काय काय आहे. विहारातलं गुरुवारचं वाचन. मुशायरा. भजन. कन्नड नाटक. सायन्सवाल्यांचं प्रदर्शन. कुणीही यायचं, सांगायचं, अण्णा लिहायचे.

काय, कुठं, किती वाजता. बस.

पाहुण्यांची नावं नाहीत. त्यावरून एकदा एक पुढारी चिडले.

"फळा लहान हाय सायब," अण्णा म्हणाले. "तुमचं नाव लिवलं की टायमाला जागा ऱ्हायना."

आणि एक नियम. फळ्यावर जे लिहिलं, तिथं ते स्वतः जायचे. सगळीकडे. पहिल्या रांगेत बसायचे.

"मी लिवायचं अन् तिथं कुणीच न्हाई, मग लबाड कोण? मीच की."

दोन कार्यक्रम एकाच वेळी आले तर एकाला तासभर पुढं सरकायला लावायचे. मुशायरेवाले भजनासाठी थांबायचे, भजनवाले मुशायऱ्यासाठी. आपल्या गावात सलोखा आहे म्हणून भाषणं होतात. सलोखा नव्हता. अण्णांना दोन्हीकडं जायचं असायचं.

मी इथं नोकरीला लागले त्या वर्षी माझं कथावाचन ठेवलं होतं. हॉलमध्ये एकटे अण्णा.

मी वही मिटली.

"कामून मिटलीस? वाच की. मी आलोय न्हवं."

दोन कथा वाचल्या, एका माणसाला.

"पहिली बरी हाय," जाताना म्हणाले. "दुसरीत माणसं नुसती बोलायलीत. करंना कुणीच काही."

दुसरी मी फाडून टाकली. बरोबर होतं त्यांचं.

मागच्या वर्षी कॉलेजनं गेटचं सुशोभीकरण काढलं. सांस्कृतिक समितीची बैठक झाली. मी सचिव. फळा जुनाट दिसतो, काढावा, इथून पुढं सगळं ग्रुपवर टाकावं.

कुणाची हरकत?

कुणाची नव्हती. ठराव माझ्या अक्षरात आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या टेबलापाशी आले. हाताला खडू लागलेला.

"मॅडम, गुरुवारचं कुठं लिवू मग?"

त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम म्हणाले.

"अण्णा, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे."

"व्हय," म्हणाले. "सगळ्यांकडं हाय."

त्यांच्याकडे बटणांचा होता. मला माहीत होतं.

पुढं ते रिटायर झाले. तरी मुडबीहून सकाळच्या बसनं यायचे, थांब्यावर बसायचे. आठवड्यात काय आहे ते त्यांना कळेना. ऑफिसात विचारलं की उत्तर ठरलेलं, "ग्रुपवर टाकलंय अण्णा."

एकदा मला म्हणाले, "भोंगा ऐकून जायलो आता. जिकडं वाजलं तिकडं."

"मग, सापडतंय का?"

"परवा गेलो तर लग्न निघालं. पोरीकडचे का पोराकडचे, म्हणून इचारले. म्हणलं, फळ्याकडचा."

मी हसले. तेही हसले.

नंतर मी त्यांना काही कळवलं नाही. मी रोज त्याच थांब्यावर उतरत होते.

शोकसभेच्या बॅनरसाठी फोटो शोधला. कॉलेजकडे इतक्या वर्षांचे अल्बम आहेत. सगळे फोटो व्यासपीठाचे. पुढच्या रांगेत अण्णांची टाळू. प्रत्येक फोटोत. चेहरा कुठंच नाही.

शेवटी ओळखपत्रावरचा लावला. शेजारी प्राचार्यांचा, दुप्पट.

आज प्राचार्य बोलले. "प्रत्येक कार्यक्रमाला त्यांची उपस्थिती लक्षणीय असे." मग रांगोळी स्पर्धेच्या परीक्षणाला गेले. अण्णांच्या बायकोनं आणि लेकीनं रिकाम्या खुर्च्यांना नमस्कार केला. माईकवाल्यांनी वायर गुंडाळली.

मी बाहेर आले. थांब्यावर कमळामावशी बसल्या होत्या. विहारात दर गुरुवारी सतरंज्या त्याच अंथरतात.

"बाई, अण्णा दिसंनात की लई दिसापासून. बरं न्हाई का त्यास्नी?"

मी सांगितलं.

"कवा?"

"मागच्या मंगळवारी. बीदरला, दवाखान्यात. आत्ता सभा झाली. आत, कॉलेजात."

"आत्ता? मी हितंच बसले व्हते की." मग माझ्याकडं बघून, "कामून सांगितलं न्हाई?"

ग्रुपवर टाकलं होतं, असं तोंडाशी आलं. गिळलं.

फळ्याच्या जागी आता सिमेंटची कुंडी आहे. त्यात झाड नाही, पानाच्या पिचकाऱ्या आहेत.

बस आली. मावशी उठल्या नाहीत.

"गुरुवारी विहारात घिऊ परत," म्हणाल्या. "पाच वाजता. लिव कुठंतरी."

म्हणून इथं लिहिते आहे.

बिराप्पा अण्णांची सभा.
विहारात.
गुरुवारी, पाच वाजता.

तुम्ही याल असं वाटत नाही. निदान खाली हात जोडू नका.

मी जाणार आहे. मी लिहिलंय.

अण्णा, या आता.