मागचे फूटरेस्ट

इंजिन गरम होतं. मी येणार हे ठरलेलं होतं, तरी गरम.

"पहिल्या बटणाला सुरू होते, मेट," विकणारा म्हणाला. होणारच. गार इंजिन कुरकुर करतं, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवायची, ही युक्ती मी शाळेत असताना वडिलांनी पुण्यात मला शिकवली होती. करायला नव्हे, पकडायला. सेकंडहँड गाडी बघायला गेलं की नमस्कार करायच्याही आधी इंजिनला हात लावायचा, ही आमच्या घरची रीत. आई नारळ कानाशी वाजवून घ्यायची, वडील इंजिन चाचपायचे. ताकच काय, आमच्याकडे पाणीसुद्धा फुंकून पितात.

गाडी कधी मातीत गेलीच नाही, असंही त्या माणसाने सांगितलं. मी वाकून मडगार्डच्या आत बोट फिरवलं. बोट लाल मातीने भरलं. ते त्याला दाखवलं आणि निघाले.

मला मोटरसायकल एकच हवी होती, पण तिने कामं दोन करायची होती. आम्ही राहतो त्या गिरावीनहून माझ्या लॅबला जायला दोन बस लागतात, आणि दुसरी बस येते की नाही हे तिच्या मर्जीवर. घरात कार एक, ती नवऱ्याकडे. शिवाय लॅबमधली एक बाई दर सोमवारी चिखलाचे बूट घेऊन यायची आणि डोंगराच्या पायथ्याच्या फायर ट्रेलचे, म्हणजे वणवा विझवणाऱ्या बंबांसाठी जंगलात काढलेल्या कच्च्या रस्त्याचे, फोटो दाखवायची. गाडी आत, झाडं दोन्हीकडे, माणूस एक नाही. पन्नाशीला टेकलेली मी ते फोटो परत परत मागून बघायचे. लग्नाआधी मी पुण्यात स्वतःची मोपेड चालवत होते. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागे डबलसीट बसले, ती बसलेच. मला परत पुढे बसायचं होतं. इतकी साधी गोष्ट होती, पण मला ती फार हवी होती.

म्हणून मी शिकाऊ लोकांचा कोर्स केला, एल प्लेट मिळवली आणि गाड्या बघायला लागले. रस्त्यावरही चालेल, मातीतही चालेल, शिकाऊ माणसाला कायद्याने चालेल आणि आमच्या खिशालाही झेपेल अशी. अशा गाडीला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात, आणि ती विकणाऱ्यांच्या तोंडावर माझा काडीचा विश्वास नव्हता. एकाने निव्वळ मातीतल्या शर्यतीच्या गाडीला आरसे आणि इंडिकेटर चिकटवले होते आणि "रेगो आरामात होईल" म्हणत होता, म्हणजे रस्त्यासाठीची नोंदणी. फ्रेमवरची पट्टी वाचली तर ही गाडी रस्त्यासाठी नाही, असं स्वच्छ छापलेलं. दुसऱ्याची गाडी खरी होती, पण इतकी उंच की मी वर बसले तेव्हा माझे पाय पाळण्यात बसल्यासारखे लोंबत होते.

नवरा प्रत्येक वेळी बरोबर यायचा. मला हे नवलच वाटायचं. पुण्यात तो झकास गाडी चालवायचा, पण इकडे आल्यावर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याने दुचाकीचं नाव टाकलं. जड गाडी एका पायावर तोलणं आता त्याला जमणार नव्हतं. त्यावर तो कधी काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. आता मात्र तो न चुकता यायचा, मी पुढून इंजिन चाचपत असताना गाडीच्या मागे जायचा, कमरेत वाकून काहीतरी बघायचा आणि घरी येताना कारमध्ये म्हणायचा, "नको. मला नाही बरी वाटली."

"काय नाही बरं वाटलं?"

"असंच."

त्याला चेनमधलं कळत नाही, सायलेन्सरमधलं तर त्याहून नाही. मग वाकून बघतो काय? कुठेतरी पाणी मुरत होतं. एक गाडी तर मला चांगली वाटली होती, तीही त्याने "असंच" करून मोडीत काढली. मी मुलीला फोन केला. ती मेलबर्नला असते. "मॉम, ही'ज जस्ट बीइंग डॅड," म्हणाली आणि ठेवला. माझं समाधान झालं नाही. मला वाटायला लागलं, की तोंडाने हो म्हणायचं आणि एकेक गाडी गुपचूप नापास करायची, असा याचा डाव आहे. भांडण नको आणि बायकोला गाडीही नको.

मग ती गाडी सापडली. विकणारी एक निवृत्त नर्स होती, पेनरिथच्या पलीकडे राहणारी. इंजिन गारढोण. पट्टी बरोबर. बसले तर दोन्ही पायांचे चवडे टेकले. तिने आपणहून सांगितलं की गाडी एकदा पडली होती, आणि वाकलेला लिव्हर दाखवला. आता स्वतःच्या तोंडाने एक दोष सांगणारा माणूस मोठा दोष लपवतोय, असं आमच्या घरी समजतात. म्हणून मी तो मोठा दोष शोधला. भरपूर शोधला. सापडला नाही. तिच्या गल्लीत एक चक्कर मारली आणि हेल्मेटच्या आत मी एकटीच हसत होते. शनिवारी न्यायला येते, असं सांगून आले. नवरा मागे वाकून बघून आला आणि कारकडे निघाला.

शुक्रवारी लॅबमध्ये त्या नर्सचा मेसेज आला. तुमच्या नवऱ्याचा फोन आला होता, तुम्हाला गाडी नको आहे असं कळलं, नो वरीज, दुसऱ्याला दिली.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन बसच्या प्रवासात मी मनात भांडण पूर्ण करून टाकलं, त्याची उत्तरंसुद्धा मीच दिली. घरी आले तर तो ओट्यापाशी उभा राहून कोथिंबीर निवडत होता.

"सरळ सांग," मी म्हटलं, "मी गाडी चालवायला नकोय ना तुला?"

त्याने काड्या बाजूला केल्या. "असं कुठे म्हटलं मी?"

"मग फोन का केलास तिला? जाहिरातीतून नंबर घेऊन, माझ्या पाठीमागे!"

त्याने कोथिंबिरीची आणखी एक काडी मोडली. मग म्हणाला, "त्या गाडीला मागचे फूटरेस्ट नव्हते."

"बरं मग?"

"मग मी बसणार कुठे?"

मला आधी काही कळलंच नाही. तो माझ्याकडे न बघता बोलत राहिला. "शनिवार-रविवार तू जंगलात जाणार. मी इथे बसून काय करू? मला आता चालवता येत नाही. मागे तर बसता येईल. पुण्यात तू नाही का बसलीस इतकी वर्षं? यातल्या निम्म्या गाड्यांना मागे पाय ठेवायलाच जागा नसते. आणि तुला सांगितलं असतं तर तू हसली असतीस."

मला हसू येत नव्हतं. उलट वाईट वाटलं, कारण एक गोष्ट मला माहीत होती आणि त्याला नव्हती.

"अरे," मी म्हटलं, "एल प्लेटवर डबलसीट चालत नाही इथे. त्यानंतरच्या लाल पी प्लेटवरही नाही."

"मागे बसायलासुद्धा नाही?"

"नाही."

"माझी काही हरकत नसताना?"

पुण्यात डबलसीटला कुणी परवानगी विचारत नाही. तिथे तिघं बसले तर फार तर शिट्टी ऐकू येते. इतके शनिवार हा माणूस वाकून वाकून जी गोष्ट बघत होता, ती वापरायला कायदाच आडवा येईल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो परत कोथिंबीर निवडायला लागला आणि चांगली पानंही काड्यांत टाकत राहिला.

मला मात्र माझा स्वभाव सोडेना. जेवताना वाटलं, हे उत्तर त्याने ऐनवेळी तर नाही रचलं? फूटरेस्ट म्हटलं की बायको विरघळेल, हे ठाऊक असेल त्याला. इतक्या वर्षांचा संसार आहे, मी विरघळते कशाने हे त्याला माहीत असणारच. खात्री काही पटली नाही.

महिन्याभराने गाडी घेतली. जुनी, जरा जड, दिसायला बेतास बात, पण पाय टेकतात आणि मागे दोन फूटरेस्ट आहेत. तेही मीच बघून घेतले. तो म्हणाला, "आता कशाला?" मी म्हटलं, "असू देत."

आता मी लॅबला तिच्यावर जाते. रविवारी त्या बूटवाल्या बाईबरोबर ट्रेलवर जाते, पडते, उठते, लाल होऊन येते. तो दारात पाइप घेऊन उभा असतो आणि गाडी धुतो. कुठे गेलीस, काय पाहिलंस, असं विचारत नाही.

गेल्या आठवड्यात सकाळपासून पाऊस होता, म्हणून मी बसने गेले. संध्याकाळी आले, कारपोर्टमध्ये गाडी उभी होती. सवयीने जाता जाता इंजिनला हात लावला.

गरम.

मी किलोमीटरचा आकडा बघितला. आदल्या दिवशीचाच होता. चाकं कोरडी होती. गाडी जागची हलली नव्हती. स्वयंपाकघरात गेले तर तो चहा टाकत होता. त्याच्या पँटवर, पोटरीपाशी, फूटरेस्टखाली धुवायचा राहून गेलेला वाळका लाल चिखल लागला होता.

"गाडी चालू केली होतीस?"

"हं. बॅटरी उतरते ना, नुसती उभी राहिली की."

"बसला होतास तिच्यावर?"

त्याने गॅस बारीक केला. "थोडा वेळ."

"पुढे?"

"नाही," तो म्हणाला. "मागे."