क्लिअर म्हणजे काय, सर?

कॉम्प्युटर अडला की मावशी आधी दोन्ही हात पाठीमागे न्यायच्या. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरायच्या आणि पडद्याकडे बघत नुसत्या उभ्या राहायच्या. आपण घाईने काही सुचवायला गेलो, की म्हणायच्या, "थांबा सर, मला आदी नीट गोंधळू द्या."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. तुम्हीही हसाल. मावशी आता नाहीत, आणि हसावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या आमच्या शाळेत विज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिपाई होत्या. मुळशीतली साधी शाळा, पौडच्या अलीकडे. मी मराठी शिकवायचो. एका वर्षी हिंजवडीकडच्या कुठल्याशा कंपनीने तिच्याकडचे जुने आठ कॉम्प्युटर शाळेला दिले. दोन तरुण आले, दिवसभरात त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली घालून गेले. मागे छापील कागदांचा एक गठ्ठा आणि एक फोन नंबर ठेवला. तो नंबर महिन्याभरात लागेनासा झाला. कॉम्प्युटरच्या खोलीची जबाबदारी मुख्याध्यापकांनी माझ्यावर टाकली. मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "तुम्ही टायपिंग शिकलायत ना?"

मावशी खोली झाडायला यायच्या. एका सकाळी एक पडदा काळा ठिक्कर. कोपऱ्यात पांढरा एक इंग्रजी शब्द, त्यापुढे एक रेघ, बाकी काही नाही. मी जाहीर करून टाकलं, "हा गेला."

मावशींनी केरसुणी भिंतीला टेकवली, हात मागे नेले. बराच वेळ बघितलं. "गेला न्हाई सर. ती रेघ बगा, कशी लुकलुकतीया. काईतरी इचारतोय तो. काय इचारतोय?"

तो नाव विचारत होता. नाव दिलं, मग परवलीचा शब्द दिला. मग गठ्ठ्यातल्या एका पानावर एक शब्द सापडला, तो टाइप केला आणि चित्रांचा पडदा उजळला. मावशी म्हणाल्या, "बगा. बोलायचं सोडून तुमी त्याला मारूनच टाकलं व्हतं."

हात मागे ठेवायची सवय प्रयोगशाळेतली. बाटलीत काय आहे हे कळल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. वीस वर्षं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून त्यांना इंग्रजी अक्षरं जुळवता यायची. अर्थ मात्र मला विचारावा लागे. म्हणजे त्या संदेश वाचणार, मी अर्थ सांगणार आणि मग त्या विचार करणार. आमची अशी जोडी जमली. त्या वेळी मला वाटायचं, त्यातलं अवघड काम माझं.

किती तऱ्हा सांगू? एका मशीनवर सगळंच एवढं मोठं दिसायचं की निम्मं चित्र पडद्याबाहेर. माउस कडेला नेला की ते चित्रच सरकायचं, आणि मुलं खिदळत त्याच्यामागे धावायची. मी बघून बघून चक्रावलो. मावशींनी गठ्ठ्यातून तीन बटणं एकदम दाबायची युक्ती शोधली, आणि चित्र आवाक्यात आलं. एकदा सीडी बाहेरच येईना. मी बटण दाबतोय, मशीन ढिम्म. "त्याच्या हातात हाय ती अजून," मावशी म्हणाल्या. "सोड म्हणून सांगितल्याबिगार सोडायचा न्हाई." तसं सांगणारा शब्द होता, तो दिला आणि सीडी बाहेर आली.

मराठी टाइप करताना पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे बसायला हवी, ती पलीकडे जाऊन बसे. मराठीचा मास्तर मी, मला ते बघवेना. मी पुसून पुसून पुन्हा लिहीत बसलो. मावशींनी तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडायला लावली. तिथे वेलांटी जागेवर. "लिवलेलं बरोबर हाय, सर. दावणारा चुकतोय. तुमी उगं स्वतःला दोष देताय."

मुलं त्यांना खोलीबाहेर मावशी म्हणायची आणि खोलीत मॅडम. मॅडम म्हटलं की त्या मागे वळून बघायच्या, कोण आलंय म्हणून.

त्या वर्षी मी नववीच्या मुलांना एक काम दिलं होतं. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांबद्दल घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकायचं आणि ते टाइप करायचं. एक-एक अक्षर शोधत, आठवडाभरात एखादं पान, असं करत एकेचाळीस मुलांचं लिखाण जमलं. सगळं एकाच मशीनवर. दुसरीकडे उतरवून ठेवायचं सुचलंच नाही. एका मुलीच्या नव्वदीच्या पणजीने सांगितलेलं त्यात होतं, आणि ती पणजी त्याच थंडीत गेली होती.

मार्चमध्ये एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. परत आली तेव्हा ते मशीन सुरू होताना मध्येच थांबलं. पडदाभर इंग्रजी ओळी आणि शेवटी एक प्रश्न. मावशींनी हात मागे नेले.

"क्लिअर, असं लिवलंय. म्होरं प्रश्नचिन्ह हाय. क्लिअर म्हणजे काय, सर?"

"क्लिअर म्हणजे स्वच्छ. स्वच्छ करू का विचारतोय. हो म्हणा."

"काय स्वच्छ करू म्हनतोय?"

"अहो, काय असेल ते."

"थांबा सर, मला आदी नीट..."

माझा आठवीचा जादा तास होता, घंटा झाली होती. "यात गोंधळण्यासारखं काय आहे मावशी? सोपा शब्द आहे. दाबा वाय."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि हात पुढे आणला. प्रश्न पुन्हा आला. पुन्हा वाय. असं किती वेळा झालं ते मला ठाऊक नाही, मी तासावर निघून गेलो होतो. परतलो तेव्हा मशीन नीट सुरू झालेलं होतं, आणि मुलांचं लिखाण असलेला फोल्डर रिकामा होता. मावशी स्टुलावर बसल्या होत्या. हात मांडीवर, उघडे.

क्लिअर म्हणजे इथे पुसून टाकू का, असं ते विचारत होतं.

मुख्याध्यापकांनी दोघांना बोलावलं. "बटण कुणी दाबलं?"

"मी दाबलं," मावशी म्हणाल्या.

"शिपायाने मशीनला हात लावायचं कारणच काय?" मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातला खडू चाचपत राहिलो. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. का सांगितलं नाही, ते तेव्हा कळलं नाही आणि एवढ्या वर्षांनीही कळत नाही. नोकरी जाणार नव्हती, कुणी मारणार नव्हतं. खोलीची किल्ली मावशींकडून काढून मला देण्यात आली, आणि मी ती घेतली.

मे महिन्यात ठरलं की हे लिनक्सचं लफडंच नको, बावधनहून एक जण येऊन सगळं पुसून नवीन घालून देईल. त्याच्या आठवडाभर आधी मावशी माझ्या घरी आल्या. बसल्या नाहीत. "सर, त्यो मानूस यायच्या आदी एकदा बगू या. लिवलेलं असं कुटं जातंय? किल्ली तुमच्याकडं हाय."

चार दुपारी आम्ही त्या तापलेल्या खोलीत बसलो. गठ्ठ्यातल्या शेवटच्या पानांत एका फोल्डरचं नाव मिळालं. त्याचा अर्थ मी या वेळी तीनदा शब्दकोशात बघून मगच सांगितला, हरवलेलं आणि सापडलेलं. त्यात शेकडो फाइली, कुणालाच नाव नाही, नुसते आकडे. बहुतेक उघडल्या की केरकचरा. मध्येच एखादीत मराठी. पण ते कुणाचं?

मावशी वाचायच्या आणि सांगायच्या, "ही हिरीची गोष्ट वरच्या आळीच्या पोराची. त्याची आजी मला म्हाईत हाय, अशीच बोलती." घरंच्या घरं त्यांना ठाऊक होती. एकेचाळीसांपैकी एकोणतीस मिळाली. पणजीच्या गोष्टीचं अर्धं पान मिळालं, वाक्य मध्येच तुटलेलं. ते कागदावर छापून मावशींनीच त्या मुलीला नेऊन दिलं. त्या चार दिवसांत तरी मी बोलेन असं मला रोज वाटायचं. रोज आम्ही फक्त फाइली उघडल्या.

जूनमध्ये पुसून नव्या केलेल्या मशीनसाठी नवीन शिक्षक आला. मावशी बाटल्यांकडे परत गेल्या.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मुख्याध्यापक बदलले होते, निम्मा स्टाफ नवा होता. मावशींनी प्रयोगशाळा कशी लख्ख ठेवली, यावर भाषणं झाली. मग मी उठलो आणि सगळं सांगितलं. शब्द मी चुकीचा सांगितला, घाई मी केली, गप्प मी बसलो. नव्या शिक्षकांना लिनक्स काय ते कळेना, फाइली काय ते कळेना. दोघं-तिघं हसले, त्यांना वाटलं मी किस्सा सांगतोय. नंतर टाळ्याही वाजल्या. मी गोंधळून खाली बसलो.

संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर मी त्यांच्यासोबत उभा होतो. त्या लेकीकडे कासारसाईला राहायला निघाल्या होत्या. हातात साडीचा खोका आणि गुच्छ.

"एवढ्या लोकांत कशाला सांगितलंत सर? मला कुटं बगावं कळंना."

"तेव्हा राग आला होता का, मावशी?"

"आला व्हता की. लई आला व्हता."

"मग मुख्याध्यापकांसमोर बोलला का नाहीत?"

त्यांनी गुच्छ या हातातून त्या हातात घेतला. "तुमी बोलताय का, ते बगत व्हते."

तेवढ्यात गाडी आली. मी खोका आत दिला, दार लागलं. मी खिडक्यांकडे बघत हात वर केला. मावशी पलीकडच्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी हात केला की नाही, ते मला दिसलं नाही.