डेस विग्मोरच्या स्कूटरचा आवाज

सत्याहत्तराव्या वर्षी डेस विग्मोर कानामागे काहीतरी लावून घराबाहेर पडायला लागला, तेव्हा ग्लेनिसला वाटलं, नवऱ्याचं बाहेर कुठेतरी सूत जमलंय. तिने जवळ जाऊन हुंगलं. अत्तर कसलं, स्कूटरचं ऑइल होतं ते.

वर्दिंगच्या 'थ्री बटन्स' क्लबात डेस चौसष्ट सालापासून होता. सतराव्या वर्षी जो मॉड झाला तो झालाच. मॉड म्हणजे मॉडर्न, त्या काळची इंग्लंडातली नव्या फॅशनची आणि स्कूटरची वेडी पोरं. तीन बटणांचा कोट, अरुंद कॉलर, घोट्यावर नेमकी थांबणारी विजार, वरून पार्का नावाचा ढगळ हिरवा टोपीवाला कोट आणि इटालियन स्कूटरला पुढे अकरा आरसे. लग्नाच्या दिवशी गुडघे टेकायची वेळ आली, तेव्हा विजारीची इस्त्री मोडेल म्हणून त्याने पाद्र्याकडे असं काही पाहिलं की पाद्र्याने निमूट पुढचं पान उलटलं. ग्लेनिसने काय ते तिथेच ओळखायला हवं होतं.

आता मात्र गुडघ्यानेच दगा दिला होता. उजव्या, किक मारायच्या गुडघ्याने.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी क्लबची स्वारी ब्रायटनला जाते. अकराच्या ठोक्याला सेक्रेटरी मॉरिस पिल्बीम कोटाच्या खिशातला रुमाल काढून हलवतो आणि चौदाजण एकदम किक मारतात. ज्याची सुरू होणार नाही त्याने स्वारीच्या मागून सामान घेऊन येणाऱ्या बेरिलच्या व्हॅनमध्ये बसायचं, मांडीवर ब्लँकेट आणि अंड्याच्या सँडविचचा डबा घेऊन. गेल्या चार वर्षांत तिघे व्हॅनमध्ये बसले. त्यांतला एकही पुन्हा स्कूटरवर दिसला नाही. डेसला मरणाची फारशी भीती नव्हती, व्हॅनची होती.

म्हणून जुलैत त्याने क्लबला पत्ता लागू न देता इंजिन काढवलं आणि बॅटरीवरची मोटर बसवून घेतली. रंग तोच, आरसे तेच, किकही जागच्या जागी, नुसती शोभेला. बटण दाबलं की गाडी मांजरीच्या पावलांनी निघायची. पहिल्या दिवशी तो समुद्राकाठच्या रस्त्याने तीन वेळा गेला आणि आला. चौसष्ट साली नवा कोट घालून आरशासमोर उभं राहिल्यावर वाटलं होतं, अगदी तसंच त्याला वाटलं, आणि घरी येऊन तो गॅरेजात थोडा रडलाही.

अडचण होती मॉरिसची. मॉरिस पितळी पट्टीने लोकांच्या विजारी मोजायचा. एकाला प्लास्टिकच्या पट्ट्याचं घड्याळ घातलं म्हणून त्याने महिनाभर बाहेर ठेवलं होतं. बॅटरीच्या गाड्यांना तो 'केस वाळवायची यंत्रं' म्हणत असे. तेव्हा वास कानामागच्या ऑइलने भागवायचा आणि आवाज मोबाइलने, असं डेसने ठरवलं. जुनं इंजिन काढायच्या आदल्या दिवशी त्याने ते गॅरेजात दहा मिनिटं चालू ठेवून रेकॉर्ड केलं होतं. ऐकून पाहिली फक्त पहिली दोन. पण रुमाल हलल्यावर निघायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि पुढे तेरा स्कूटरींच्या फटफटाटात कोण कुणाचं ऐकतंय.

सोमवारी अकराला रुमाल हलला. डेसने पुढच्या खणातला मोबाइल चालू केला, किकवर हलकेच पाय मारला, आणि खणातून झकास फटफट सुरू झाली. बाकी बाराजणांच्याही सुरू झाल्या. मॉरिसची झाली नाही.

मॉरिसने स्कूटर एका कुशीवर आडवी केली, उभी केली, किक मारली. पुन्हा आडवी केली. पाच मिनिटं गेली. नऊ गेली. शेवटी तो घाम पुसत ओरडला, "बंद करा रे सगळे. मला माझंच इंजिन ऐकू येत नाहीये."

बाराजणांनी गाड्या बंद केल्या. डेसनेही किल्ली फिरवून काढली आणि घाईघाईत खिशात टाकली.

स्कूटर चालूच होती.

"डेस," मॉरिस म्हणाला, "तुझी किल्ली कुठाय?"

"खिशात."

"मग हे काय वाजतंय?"

डेस खण उघडायला वाकला, पण गुडघा अडला. तेवढ्यात खणातलं इंजिन खोकून थांबलं आणि आतून ग्लेनिसचा आवाज आला, "उद्या एकदाची बॅटरी बसू दे बाई. मॉरिसला सांगणार आहेस का?" मग डेसचा, "त्याला काय सांगायचं? त्याच्या डोक्यात अजून पासष्ट साल उजाडायचंय."

समोरच्या फुटपाथवर थर्मास घेऊन उभी असलेली ग्लेनिस आभाळाकडे बघायला लागली.

मॉरिस लाल झाला. त्याने आतल्या खिशातून क्लबची नियमांची वही काढली, चौसष्ट सालची. "बेरिल, वाच. पहिल्यापासून वाच. याला बाहेरच काढतो."

वही कायम मॉरिसच्याच खिशात असायची, पण चष्म्याने कोटाला फुगवटा येतो म्हणून त्याने ती वीस वर्षांत उघडून वाचली नव्हती. विजारीच्या मापांचे आपण लिहिलेले नियम तेवढे त्याला पाठ होते. बेरिलने व्हॅनमधून उतरून चष्मा लावला.

"नियम एक," ती वाचायला लागली. "आपण मॉड आहोत. गेल्या वर्षीची कुठलीही वस्तू कुणी वापरायची नाही. वापरताना दिसला की क्लबातून बाहेर. खाली सही आहे, डी. विग्मोर."

डेसला तो नियम लिहिल्याचं आठवतही नव्हतं. आठवला तो नियम लिहिणारा सतरा वर्षांचा पोरगा. आजचा शर्ट उद्या जुना वाटायचा त्याला, आणि उद्याची घाई इतकी की रात्री झोप येत नसे. त्या पोराची डेसला भयंकर आठवण आली.

"म्हणजे मग," बेरिल बोटांवर मोजत म्हणाली, "साठ वर्षांपूर्वीच तुम्ही सगळे बाहेर. डेस तेवढा जुलैत परत आला."

मॉरिसने वही हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली. मग ती खिशात ठेवली आणि पुन्हा किकवर पाय ठेवला. तीन मारल्या. चौथ्यांदा पाय वर उचललाच जाईना. बेरिलने व्हॅनचं दार उघडलं. सीटवर घडी घातलेलं ब्लँकेट दिसत होतं.

मॉरिस त्या ब्लँकेटकडे ज्या नजरेने बघत होता, ती नजर डेसला नीट ठाऊक होती.

"ए पिल्बीम," तो म्हणाला, "माझ्या मागची सीट रिकामी आहे."

"केस वाळवायच्या यंत्रावर मी बसणार नाही."

"मग अंड्याचे सँडविच सांभाळ."

मॉरिस बसला. बसण्याआधी त्याने विजारीची इस्त्री सारखी केली. डेसने बटण दाबलं आणि दोघं मांजरीच्या पावलांनी निघाले. पन्नास पावलांवर बसथांब्यावरचे लोक वळून बघायला लागले.

"आवाज लाव की," मॉरिस कानाशी कुजबुजला. "लोक बघतायत. शोभा होतेय."

"लावला तर शेवटी पुन्हा ग्लेनिस येणार."

मॉरिसने घसा खाकरला. मग डेसच्या पाठीमागून आवाज आला, आधी बारीक, चाचरत, मग चांगला खणखणीत, "फट्... फट्... फटफटफटफट..."

ब्रायटनच्या वाटेवरच्या शोरहॅमच्या पुलाच्या चढावर तर त्याने तोंडानेच गिअरही बदलला.