सूर्याचीही होडी

सूर्यसुद्धा चालतो हे मी विसरलो, आणि ते लक्षात यायला मला सहा वर्षं लागली.

प्रबंधाचा विषय तसा सोपा. आपल्या आकाशगंगेच्या तबकडीतून तारे वर उसळतात, पुन्हा खाली ओढले जातात. किती जोरात उसळले आणि कुठवर गेले यावरून ओढणारं वजन निघतं. त्यातून दिसणारे तारे आणि वायू वजा करायचे. उरतं ते सूर्याच्या आसपासचं न दिसणारं कृष्णद्रव्य. माझं मात्र बाकी सगळ्यांच्या दुप्पट उरत होतं! मी तर शोध लागला म्हणून शेजारी पेढेही वाटले.

मग मार्गदर्शकांचा फोन आला. "दुप्पट का, ते सोमवारी सांगा. नाहीतर मी सही करणार नाही." मुदतवाढी संपल्या होत्या. सही नाही म्हणजे नोंदणी रद्द.

शनिवारी मालवणला घरी आलो. लॅपटॉप उघडायचा, मिटायचा. प्रोग्राम ओळीओळीने तपासला, चूक सापडेना. चौतिसाव्या वर्षी दुसरं काय करणार होतो? बांगड्याच्या तिखल्यासमोर डोळे भरून आले, तेव्हा आईला म्हटलं, तिखट झालंय. तिने चाखून पाहिलं आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

रविवारी सकाळी बाबा जाळी ओढायला निघाले. "घरात बसान मरतलस, झिला. चल."

होडीचं मशीन बंद करून ते दोरी सोडवत बसले. मी आपला जाळ्यांच्या खुणेसाठी तरंगणाऱ्या बोयांकडे शून्यपणे बघत होतो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "बाबा, पाण्याक ओढ केवढी आसा! सगळे बोये दक्षिणेक चलले."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "बोये नांगरलेले आसत रे. व्हावता ती आपली होडी. काठावरचो माड धरून बघ."

माड बघितला. बोये जागच्या जागी होते.

माझ्या आकड्यांतही सगळे तारे सरासरीने जरा खाली येताना दिसत होते. त्यावर मी कौतुकाने अख्खा परिच्छेद लिहिला होता! तारे येत नव्हते, ज्याच्यासोबत फिरत आपण ते बघतो तो आपला सूर्य वर चालला होता. त्याचा वेग मी ताऱ्यांच्या खात्यावर घातला, सूत्राप्रमाणे त्या वेगाचा वर्ग केला, आणि फुगलेलं सगळं वजन न दिसणाऱ्याच्या माथी मारलं.

"बाबा, घराक चला!"

"जाळी कोण ओढतलो?"

ओढली. हात सोलवटले. घरी येऊन सूर्याचा वेग वजा केला आणि आकडा निमूट सगळ्यांच्या आकड्याशेजारी जाऊन बसला.

बाबा अंगणात जाळं झाडत होते. म्हटलं, "सही मिळतली. पण शोध गेलो."

"सा वर्षां होडयेत बसलस आणि होडी व्हावता ता तुका कळाक नाय," जाळ्यावरून नजर न उचलता ते म्हणाले. "बंदरार कोणाक सांगा नको, तू माझो झील म्हणान."