हसण्याची कवायत

आमच्या बारामतीच्या शाळेत पोरकी मुलं ठेवून घेत. आई-वडील पटकीनं गेल्यावर चुलत्यानं मला निरवांगीहून बैलगाडीतून तिथं आणून सोडलं आणि जाताना सांगितलं, "हितं दोन येळ खायाला हाय. रडू नगंस." रडायचं नाही हा नियम शाळेनंही केला होता, फक्त अधिक शुद्ध भाषेत.

तो केला होता अध्यक्षांनी. हे गृहस्थ मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त माणसाच्या हातून व्हायचं ते झालंच. त्यांनी एक इंग्रजी पुस्तक वाचलं. मूल आनंदी असेल तरच त्याला विद्या येते, असं त्यात होतं म्हणे. यात चूक काहीच नव्हती. पण आनंद हा शेतसाऱ्यासारखा वेळेवर जमा व्हावा, असं त्यांना वाटे. म्हणून रोज प्रार्थनेनंतर आम्हाला लिंबाखाली रांगेत उभं करून ते शिट्टी वाजवत, की आम्ही हसायचं. दुसऱ्या शिट्टीला थांबायचं. हसू रेंगाळलं तर छडी.

आमच्यात कन्हेरीचा एक सहा वर्षांचा मुलगा होता. आई गेल्यापासून त्यानं बोलणं सोडलं होतं. कवायतीत तो तोंड मिटून उभा राही. अध्यक्षांनी त्याला पुढच्या रांगेत आणलं, हसऱ्या मुलांचा गुण लागावा म्हणून. लागला नाही.

जेवताना तो अर्धी भाकरी सदऱ्यात लपवी. एके दिवशी ती सापडली. अध्यक्षांनी सगळ्यांदेखत विचारलं, "आम्ही तुला उपाशी ठेवतो काय रे?"

तो उभ्या उभ्या चड्डीत मुतला. अध्यक्ष धोतर सावरत मागं सरकले. पुस्तकात या प्रसंगावर बहुधा प्रकरण नसावं.

दुसरीचे गुरुजी उठले. त्याचा हात धरून त्याला विहिरीवर नेलं, धुतलं, कोरडी चड्डी घातली. मग आपला पानाचा डबा रिकामा करून त्यात ती भाकरी ठेवली.

"हा डबा तुझ्या वळकटीपाशी राहील," ते म्हणाले. "यातली भाकरी कुणी घेणार न्हाय. शिळी झाली की ही ताई ताजी ठेवंल."

ताई म्हणजे मी. मी रोज भाकरी बदलू लागले. सुरुवातीला तो पाढे चालू असताना उठून डबा उघडून बघून येई. गुरुजी पाढे थांबवत नसत आणि त्यालाही थांबवत नसत. हळूहळू त्याच्या फेऱ्या कमी झाल्या. भाकरी लपवणं तर केव्हाच सुटलं.

आणि एका दुपारी पंगतीत माझ्या शेजारून आवाज आला, "आमटी अळणी हाय."

माझा घास हातातच राहिला. गुरुजींनी आमटी चाखली. "व्हय की, अळणीच हाय," म्हणाले, आणि मीठ मागवलं. कौतुक केलं नाही की कुणाला हाक मारली नाही. त्या दिवसापासून त्या पोरानं तक्रारींचा सपाटा लावला. पाटी खरबरीत, माझा हात जड, गुरुजींचा आवाज मोठा. गुरुजी मला म्हणाले, "कुरकुरतोय म्हंजे रुळला."

अध्यक्षांना बातमी कळली. संमेलनाला वकील आणि बागाईतदार जमले, तेव्हा त्यांनी त्याला टेबलावर उभं केलं. "आमच्या हास्यकवायतीनं हे मुकं लेकरू बोलतं झालं. बोल बाळ, इथं तुला काय आवडतं?"

पोरगं गप्प. अध्यक्षांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग जाहीर केलं, "कृतज्ञतेनं कंठ दाटून आलाय." टाळ्या झाल्या. गुरुजी मागं सतरंज्यांपाशी उभे होते. त्यांचं नाव कुणी घेतलं नाही, त्यांनीही मान वर केली नाही.

खाली उतरल्यावर पोरगं माझ्या कानाशी लागलं, "त्यांच्या तोंडाला तपकिरीचा वास येतोय." मला हसू आवरेना, आणि त्याबद्दल मला शिक्षा झाली.

पुढं तो इंदापूरकडच्या एका साखर कारखान्यात लागला. अजून भेटतो. बोलायला बसला की समोरच्याला उठू देत नाही, आणि त्यातलं निम्मं जेवणाबद्दल असतं.