चौदा नंबरची दाढ

वैशालीवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेअकरा वाजता, बालाघाटच्या मेन रोडवरच्या एका साडी शोरूममध्ये. वैशाली माझी मावसबहीण, वय बावीस, बी.कॉम. झालेली. काउंटरवर मुलगी पाहिजे म्हणून तिला बोलावलं होतं. मॅनेजरने तिला बेरीज करायला लावली नाही, साडीची घडी घालायला लावली नाही. हसायला सांगितलं. ती हसली. तर म्हणाला, "काम तो सीख जाओगी, लेकिन ये दाँत काउंटर पे नहीं चलेंगे. दो महीने बाद आना, चमका के आना." वर दात पांढरे करणाऱ्या एका टूथपेस्टचं नावही सांगितलं, जणू डॉक्टरच चिठ्ठी लिहून देतो आहे. हे सगळं वेळेसकट सांगते आहे, कारण ज्या माणसाबद्दल मला लिहायचं आहे त्याच्या वहीत या प्रकरणाची नोंद अशीच आहे: आधी दिवस, मग वेळ, मग जागा, आणि रडारड सगळ्यात शेवटी. दातांवरच्या डागांबद्दल अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात या माणसाइतकं कोणालाच कळत नाही, आणि त्याच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही.

आमच्या घराच्या पाठीला पाठ लागून त्यांचं घर. सगळा वार्ड त्यांना काकाजी म्हणतो. चौतीस वर्षं ते मलाजखंडच्या तांब्याच्या खदानीत सॅम्पलर होते. डोंगर फोडला की कुठून किती दगड उचलायचा, थैलीत घालून चिठ्ठी लावायची आणि प्रयोगशाळेत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. डोंगर सुटला, थैल्या सुटल्या नाहीत. भाजीबाजारात ते भेंडीच्या ढिगातून एक वरची, एक मधली आणि एक तळातली काढून मोडून पाहतात, त्यामुळे त्यांना लांबून पाहिलं तरी भाजीवाल्या ढिगावर ओढणी टाकतात. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून वरणाच्या गंजाकडे, म्हणजे पातेल्याकडे, बोट दाखवून सांगतात, "आधी ढवळ, मंग वाढ. वरच्या वरणावरून गंजाचा अंदाज येत नाई." शुगर तपासायला गेले की दोन ठिकाणी रक्त देतात, एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा मेव्हण्याच्या. मेव्हण्याला शुगर नाही, पण त्या लॅबमध्ये त्याची फाइल जाडजूड आहे. मुलासाठी मुलगी पाहिली तेव्हा तर त्यांनी कमाल केली. ठरल्याप्रमाणे सकाळी चहापोहे खाऊन आले आणि त्याच दुपारी चार वाजता न सांगता पुन्हा जाऊन धडकले. एका पाळीच्या मालावर भरवसा ठेवायचा नाही, हा खदानीतला नियम. तिसऱ्या पाळीचा नमुना घ्यायला निघाले तेव्हा काकीजी दारात आडव्या झाल्या म्हणून ते लग्न झालं. सून हे सगळ्यांना सांगते आणि वर म्हणते, "दोन पाळ्यात पास झाले मी."

काकाजींचं सगळ्यात लाडकं तत्त्व म्हणजे कोरा नमुना. दहा थैल्या तपासायला पाठवल्या की त्यात एक थैली साध्या दगडाची घालायची, ज्यात तांबं नाहीच. तपासणाऱ्याने त्यातही तांबं शोधलं, तर तपासणारा खोटा. हे तत्त्व ते घरातही चालवत. एकदा त्यांनी काकीजींना तीन वेगवेगळ्या चहापत्तीचे तीन कप करायला सांगितले, चाखले, आणि पहिला उत्तम, दुसरा मध्यम, तिसरा फेकून देण्यालायक असा निकाल दिला. काकीजी पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "तिन्ही एकाच गंजातले होते." हा निकालसुद्धा काकाजींनी वहीत लिहिला आहे. खाली शेरा आहे: तपासणारा खोटा.

आता माझं. मी आमच्या वार्डातल्या अभ्यास मंडळाची पत्रकं लिहिते. अन्याय झाला की त्याच दिवशी पत्रक निघालं पाहिजे असं मला शिकवलेलं आहे. त्या संध्याकाळी मी लिहिलं, "दात पांढरे करणाऱ्या सर्व टूथपेस्ट म्हणजे शुद्ध फसवणूक आहे!" आणि सह्या घ्यायला निघाले. काकाजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"सर्व म्हंजे किती?"

"सर्व म्हंजे सर्व."

"तू किती घासून पायल्या?"

"एकबी नाई. पण काकाजी, हे तं सगळ्याइले मालूम आहे."

"मले नाई मालूम. बिना सॅम्पलच्या कागदावर म्या चौतीस वर्सं सही नाई केली, आता काहून करू?"

मी चिडले. पोरीचं काम गेलं, आणि हे नमुने मागतात! तेवढ्यात मागे उभी असलेली वैशाली म्हणाली, "काकाजी, खरंच एखादी असंल का हो, जिनं माये दात पांढरे निघतीन?" मला पत्रक पाहिजे होतं, तिला दात पाहिजे होते. हे त्या क्षणी काकाजींना कळलं, मला नाही. ते उठले, वही काढली आणि म्हणाले, "दोन महिने आहेत ना? तेवढे बस आहेत."

मग सुरू झालं. बाजारात मिळाल्या त्या सहा टूथपेस्ट आल्या. डाग पाडायला चहा आणि गुडाखू. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा, आमच्याकडच्या कितीतरी बायका सकाळी उठून तो दातांना घासतात आणि मग दिवसभर सोडवत नाही. काकीजीही त्यातल्याच. त्यांची डबी रोज हलकी व्हायला लागली तेव्हा त्यांनी ओट्यावर उभं राहून वार्डाला ऐकवलं, "हा मानूस माया गुडाखू चोरून राह्यला! स्वतःच्या तोंडात दात नाई अन् माया तोंडचा घास पळवते!" पहिल्यांदा काकाजींनी बाथरूमच्या पांढऱ्या टाइलचे तुकडे घेतले, पण टाइलवर डाग बसेचना. मग अंड्यांची कवचं घेतली. त्यांवर डाग छान बसला, पण घासताना कवच फुटायचं, आणि आतलं अंडं वाया घालवायचं नाही म्हणून त्या घरात अकरा दिवस अंड्याचीच भाजी झाली. बाराव्या दिवशी काकीजींनी चूल पेटवायला नकार दिला. मग काकाजींनी स्वतःची कवळी काढून चहात भिजत घातली. तिच्यावर डाग धरला, पण ती भिजत असताना मुलाच्या सासरची माणसं आली आणि काकाजींना दोन तास तोंडावर रुमाल धरून बसावं लागलं. सासरचे समजले, काकाजी कशावर तरी नाराज आहेत. ते जाताना माफी मागून गेले.

शेवटी काकाजी दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि त्यांनी उपटून ठेवलेले तेरा दात मागून आणले. एकेका टूथपेस्टला दोन दात, आणि तेरावा कोरा नमुना, त्याला नुसतं पाणी आणि ब्रश. सगळ्यांवर सारखा डाग पाडायचा, मग सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून दोन-दोन मिनिटं घासायचं. पांढरेपणा मोजायचा कसा, हा प्रश्न होता. यंत्र नाही. काकाजी म्हणाले, "यंत्र आहे, मॅचिंग सेंटरमंधी बसलं आहे." मेन रोडवर ब्लाउजपीसचं मॅचिंग सेंटर चालवणारा एक म्हातारा आहे. साडीचा काठ घेऊन दारातल्या उन्हात उभा राहतो आणि पांढऱ्यातले वीस पांढरे वेगळे सांगतो. दर रविवारी सकाळी दहा वाजता काकाजी त्याच्यासमोर नंबर लावलेले दात मांडायचे. कोणत्या नंबरला कोणती टूथपेस्ट, ते त्याला सांगायचं नाही. तो एकेक दात चिमट्यात धरून उन्हात न्यायचा आणि म्हणायचा, "कत्थई. बिस्कुट. ये मोतिया होने को जा रहा है." गिऱ्हाइकं ब्लाउजपीस हातात धरून बघत राहायची. एकीने विचारलं, ही कसली मॅचिंग? म्हातारा म्हणाला, "दुल्हन का सेट बन रहा है."

इकडे वैशाली दिवसातून पाच वेळा दात घासत होती, मॅनेजरने सांगितलेल्या टूथपेस्टने. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, थंड पाणी लागेना. बोलताना हात आपोआप तोंडावर जायचा. रोज संध्याकाळी ती काकाजींच्या ओट्यावर यायची. "काकाजी, कोणती निघाली?" काकाजी म्हणायचे, "अजून रिझल्ट नाई आला, बेटा. घाईचा रिझल्ट म्हंजे खोटा रिझल्ट." महिन्याभराने तिची अक्कलदाढ सुजली आणि काढावी लागली. क्लिनिकमधून ती सरळ त्यांच्याकडे गेली, गाल सुजलेला, आणि कागदाची पुडी पुढे केली. "लोकांच्या दातावर काहून करून राह्यले? मायावर करा ना." काकाजींनी पुडी उघडली. दाढेवर तपकिरी पट्टे होते, तिच्या समोरच्या दातांवर आहेत तसेच. त्यांनी वहीत चौदा नंबर टाकला. या एका दाढेवर डाग पाडायची गरज नव्हती.

दोन महिने भरायला आठवडा राहिला तेव्हा निकाल लागला. तो जसा लागला तसाच लिहिते, कारण काकाजी हे वाचणार आहेत. नुसत्या पाण्याने घासलेला तेरा नंबर कत्थईवरून, म्हणजे काताच्या गडद तपकिरीवरून, बिस्कुटपर्यंत आला. चार टूथपेस्ट त्याच्याच आगेमागे राहिल्या. दोन मात्र खरोखर पुढे गेल्या, अगदी ऑफव्हाइटपर्यंत, पण त्यातल्या एकीने दातांची चमक मारली, भिंगातून बारीक ओरखडे दिसले. म्हणजे चहाचा आणि गुडाखूचा डाग निघतो. म्हणजे माझं पत्रक चूक होतं.

"काकाजी, तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?" मी ओरडलेच.

"नमुन्याच्या," काकाजी म्हणाले. "चौदा नंबर पाय."

चौदा नंबर त्यांनी आधी मॅनेजरच्या टूथपेस्टने घासला होता, मग ओळीने बाकीच्या पाचांनी. मॅचिंगवाल्याने तो उन्हात धरला. "बादामी. पहले भी बादामी था, अब भी बादामी है. अच्छा कलर है, फेड नहीं होगा." त्याला माहीत नव्हतं ती कोणाची दाढ आहे. वैशाली शेजारीच उभी होती. काकाजींनी दाढ घरी नेली, करवतीने मधोमध कापली आणि तिच्या तळहातावर ठेवली. पट्टा वरून आत उतरलेला होता. "बेटा, हे लागलेलं नाई. हे बनतानाच आत आलं आहे." दातांच्या डॉक्टरनेही तेच सांगितलं: लहानपणी प्यायलेल्या फ्लोराइडच्या पाण्याचा डाग. वैशाली चौदा वर्षांची होईपर्यंत गावाकडे एकाच हँडपंपाचं पाणी प्यायली. त्या पंपाला पुढे लाल रंग मारून टाकला, म्हणजे हे पाणी पिऊ नका. लाल रंग लागेपर्यंत किती पोरं ते पाणी प्यायली, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

त्या दिवशी वैशालीने टूथपेस्टची ट्यूब कचऱ्यात टाकली आणि शोरूमला जायचं नाही असं ठरवलं. काकाजी मात्र गेले, ठरलेल्या दिवशी, साडेअकरा वाजता. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन, तोंडात कवळी, हातात मॅचिंगवाल्याने दिलेली रंगांच्या कापडाची पट्टी. मी सोबत होते. मॅनेजर तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत होता. काकाजी म्हणाले, "मुँह खोलिए साहब, सैंपल लेना है." त्याने गोंधळून खरंच उघडलं. काकाजींनी पट्टी त्याच्या दातांजवळ धरली. "कत्थई. खुशखबर है साहब, आपका निकल जाएगा, ऊपर का है. लड़की का नहीं निकलेगा, वो पानी का है, अंदर का है. अब बताइए, काउंटर से किसको हटाना है?" साड्या लावणाऱ्या दोघी हसल्या. त्यातल्या एकीने हसताना तोंडावर हात धरला, तेही काकाजींनी पाहिलं. मॅनेजर म्हणाला, सेठजींना विचारून फोन करतो. फोन आला नाही.

वैशाली आता एका राइस मिलच्या ऑफिसात बिलं बनवते. तिथे तिला कोणी हसून दाखवायला सांगत नाही आणि ती हसतही नाही. काकाजींच्या ओट्यावर मात्र हसते. कारण ती आली की काकाजी कवळी काढून वाटीत ठेवतात आणि आधी आपण बोळक्या तोंडाने हसतात. मग तिचा हात खाली राहतो.

काकाजींनी इलेक्ट्रिशियन लोक स्क्रू ठेवतात तसला खणांचा डबा आणला आहे. चाळीस खण. पहिल्या खणात वैशालीची कापलेली दाढ आहे, चिठ्ठीवर गाव, पंप आणि ती किती वर्षं ते पाणी प्यायली ते. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात अशाच दोन गावांतल्या दोन बायांचे दात. काकाजींना जाणून घ्यायचं आहे की कोणत्या पंपाला अजून लाल रंग लागायचा राहिला आहे. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून चिठ्ठ्या मी लिहिते. पत्रक मात्र मी नवं लिहिलेलं नाही. तीन नमुन्यांवर ते सही करणार नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात कोणाचा पट्टे असलेला दात पडला, दाढ काढली, तर फेकू नका. डॉक्टरकडून मागून घ्या, धुवा, कागदात बांधा. वर गाव लिहा आणि लहानपणी कोणत्या पंपाचं पाणी प्यायलात ते लिहा. आणि काकाजींच्या ओट्यावर आणून द्या. सदतीस खण रिकामे आहेत. काकाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. लवकर या.