चिमणी नसलेल्या कारखान्याविरुद्धचा अर्ज

"अहो, आमच्या कारखान्याला चिमणीच नाही. मग हा काळा धूर तुमच्या डोक्यातून निघतो काय?"

आज सकाळी भर सुनावणीत कारखान्याचा इंजिनियर मला असे म्हणाला. अधिकारी हसला. शिपाईदेखील हसला. माझ्या शेजारी सेल्वी उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. ती हसली नाही.

तंजावूरच्या या कचेरीसमोर मी तीस वर्षे अर्ज लिहीत आलो आहे. शाळा आठवीत सुटली, तरी माझ्या मसुद्यांनी भल्याभल्यांना उत्तर देण्यास भाग पाडले. कारखान्यांविरुद्ध माझा एक ठरलेला नमुना आहे: चिमणी, काळा धूर, दुर्गंधी, पिकांची हानी. सेल्वी पापनाशमहून आली, "कारखान्यात हात भाजला" एवढे बोलली, आणि पुढचे न ऐकता मी तोच नमुना उतरवून दिला.

अधिकाऱ्याने एक तयार कागद पुढे सरकवला. त्यात लिहिले होते: सेल्वीचा हात घरी गरम पाण्याने भाजला. अर्ज लिहिणाऱ्याच्या अज्ञानामुळे कारखान्याची बदनामी झाली.

"चार वाजेपर्यंत दोघे सही करा. नाहीतर तुझे टेबल उद्यापासून इथे दिसणार नाही."

वयाने तो माझ्या धाकट्या भावाएवढा.

आम्ही बाहेर कडुनिंबाखाली बसलो. तेव्हा मी प्रथमच विचारले, "सेल्वी, तिथे नेमके काय काम चालते?"

"पाणी गाळायच्या पडद्यांना लेप देतात, अण्णा. डोळ्यांना दिसायचा नाही इतका पातळ. बंद पेटीत एक वायू सोडायचा, मग नायट्रोजनने पेटी धुवायची. मग पाण्याची वाफ, पुन्हा धुवायची. अशा शेकडो फेऱ्या."

"मग आग कुठून आली?"

"माल लवकर हवा म्हणून धुण्याचा वेळ तोडला. वायू मागे राहतो, पंपाच्या नळीत पांढऱ्या भुकटीखाली दडून बसतो. मी नळी उघडली. त्याला काडी लागत नाही, अण्णा. नुसती हवा पुरते." ती माझ्याकडे वळली. "काळ्या धुराचे मी तुम्हाला सांगितलेच नव्हते."

"नळी पुन्हा केव्हा उघडतील?"

"दर गुरुवारी भुकटी काढायला उघडतात. माझ्या जागी आता मल्लिका आहे. तिला कोणी काही सांगितलेले नाही."

आज बुधवार.

इंजिनियरने माझे ऐकले नाही, त्याची आग माझ्या अंगात होती. मी तरी हिचे कुठे ऐकले होते?

मी कोरा कागद घेतला. ती बोलली तसेच लिहिले. माझा एकही शब्द घातला नाही. आमच्या धंद्याचा दंडक असा की लिहिणाऱ्याने अर्जदार व्हायचे नाही; तळाशी बारीक अक्षरांत नाव टाकून मोकळे व्हायचे. सेल्वीने डाव्या हाताने वाकडीतिकडी सही केली. तिच्याखाली मी लिहिले: अर्जदार क्रमांक दोन. आणि माझे पूर्ण नाव.

चार वाजता अधिकाऱ्याने विचारले, "सही केलीस?"

"केली. तुमच्या कागदावर नव्हे."

त्याने अर्ज न वाचताच बाजूला टाकला. "उद्या बघू."

"उद्या गुरुवार आहे, सर," सेल्वी म्हणाली.

त्याने पंख्याकडे पाहिले.

संध्याकाळी माझे टेबल फाटकाबाहेर पडलेले होते. ते मी उचलले नाही. अर्जाची दुसरी प्रत माझ्या खिशात आहे. पहाटेच्या पहिल्या बसने सेल्वी आणि मी कारखान्याच्या दारात पोहोचू. मल्लिका आत जाण्यापूर्वी तिला आणि तिच्या पाळीतल्या प्रत्येकीला हा अर्ज मोठ्याने वाचून दाखवीन. इंजिनियरने खुशाल हसावे. त्या नळीला उद्या कोणीही हात लावणार नाही.